डभोईकडची जुनी जिन : काय राहिले, काय गेले

बडोद्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे मी करतो. या जिनच्या, म्हणजे कपाशीतून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, कामात सल्लागार म्हणून पहिल्या भेटीपासून होतो, त्यामुळे खालचे बरेचसे डोळ्यांदेखत घडलेले आहे. गावाचे नाव गाळले आहे, कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र जसा होता तसाच ठेवला आहे, कारण अशा जिन अजून पुष्कळ गावांत कुलूप लावून उभ्या आहेत आणि त्यांच्या मालकांना तोच कामाचा वाटेल.

पार्श्वभूमी

बडोदे-भरूचकडचा काळ्या मातीचा पट्टा म्हणजे कानम. डभोई, करजण, शिनोर, खाली भरूचपर्यंत ही कपाशीची जमीन. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) तिकडची रुई मँचेस्टरला मिळेनाशी झाली आणि इकडच्या कपाशीला एकदम भाव आला. त्याच सुमारास, १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ पडले. सुरुवातीला त्यावरचे डबे बैल ओढत. मियागामला मुंबई-बडोदे मुख्य लाइन लागते, म्हणजे रुईची दाबलेली गाठ तिथे पोचली की मुंबईला पोचलीच. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात ही छोटी लाइन चहूकडे पसरली आणि तिच्या काठाकाठाने जिन उभ्या राहिल्या.

आपली जिन त्यांतलीच. कुटुंब मराठी, बडोद्याच्या दांडिया बाजारातले. पणजोबा गायकवाडीत वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचे मुलकी अधिकारी, होते. त्यांच्या मुलाने नोकरी न करता गावातल्या एका पाटीदार भागीदाराबरोबर जिन घातली. हिशेबाचे चोपडे गुजरातीत आणि घरची पत्रे मोडीत, असा तो कारभार. भागीदाराचा हिस्सा नंतर कुटुंबाने विकत घेतला.

१९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून संकर-४ हे वाण आले. व्यापारी लागवडीसाठीचे कपाशीचे ते जगातले पहिले संकरित वाण. त्यानंतर कपास वाढली, पण खरेदीदाराच्या मागण्याही वाढल्या : रुई स्वच्छ हवी, गाठ वेळेवर हवी. मोठ्या जिन हमरस्त्यावर गेल्या. केंद्र सरकारने २००० मध्ये कापसाचे तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला पैसे दिले, तोवर आपल्या जिनला कुलूप लागून काही वर्षे झाली होती. मी पाहिली तेव्हा सात वारस होते. तिघे बडोद्यात, तिघे पुण्या-मुंबईत, एक परदेशात. कारभार थोरल्या चुलतभावाकडे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

इमारत कशी चालत असे

हा भाग थोडा सविस्तर सांगतो. पुढे जे बिघडले ते ही रचना वेळेवर न कळल्यामुळे बिघडले.

जिनघर दुमजली, लांबट. वरच्या मजल्यावर सागवानी फळ्यांची जमीन आणि तिच्यावर दोन ओळींत बारा-बारा यंत्रे. एकरुळी, मॅकार्थी पद्धतीची. या यंत्रात चामड्याने मढवलेला रूळ फिरतो. त्याला एक स्थिर पाते टेकलेले असते. कपाशीचे तंतू चामड्याला धरून पात्याखालून ओढले जातात, सरकी मात्र पात्याला अडते. दुसरे पाते वर-खाली हलत तिला झटकून टाकते आणि ती जाळीतून खाली पडते. चामड्यावर तिरक्या खाचा असतात. त्या झिजल्या की तंतू धरला जात नाही, म्हणून फिटर त्या पुन्हा हाताने कोरतो. करवती दातांच्या अमेरिकी जिनपेक्षा हे काम हळू, पण धागा तुटत नाही. म्हणूनच आपल्याकडे रूळच टिकला.

यंत्रे वरच्या मजल्यावर का, तर सरकी आपोआप खाली पडावी म्हणून, आणि सगळ्यांना फिरवणारा लांब दांडा खाली ठेवता यावा म्हणून. बाहेर इंजिनघरात आधी वाफेचे, पुढे तेलाचे इंजिन. तिथून दांडा खालच्या मजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई. दर यंत्राखाली त्याच्यावर एक चाक, चाकावरून पट्टा, आणि तो पट्टा जमिनीतल्या फटीतून वर यंत्राला. दांड्याची बेअरिंगे बिडाच्या खांबांना बोल्ट केलेली. तेच खांब वरची जमीनही पेलतात. हे वाक्य लक्षात असू द्यावे.

कपास एका दाराने आत येई, रुई दुसऱ्याने बाहेर जाई. ब्रिटिश हद्दीत १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने नव्या कारखान्यांना अशी वेगळी दारे ठेवायला सांगितले होते. गायकवाडीत तो कायदा थेट लागू नव्हता, तरी इथे दोन्ही दारे मुळातलीच आहेत. शंभर किलो कपाशीला रुईचा उतारा साधारण तेहतीस-चौतीस किलो. बाकी बहुतेक सरकी. म्हणजे आत येणाऱ्या मालाचा दोन-तृतीयांश भाग खालून बाहेर जातो, म्हणून खालची सरकीची वाट वरच्या दोन्ही दारांपेक्षा रुंद आहे. तंतू उडून बाहेर जाऊ नयेत आणि ठिणगी आत येऊ नये म्हणून खिडक्या उंच आणि जाळीच्या.

यंत्रांवर कपास घालायला बायका असत. जिथे त्या उभ्या राहत तिथे प्रत्येक यंत्रापुढे फळी दोन पावलांच्या आकारात झिजली आहे. हात फिरवला तर तिथली लाकडाची शीर गुळगुळीत लागते, शेजारची खरखरीत. चोवीस ठिकाणी असे आहे. भिंतीवर गुजराती आकडे रंगवलेले, एक ते चोवीस. पट्ट्याच्या फटींच्या कडा एरंडेलाने काळ्या.

प्रश्न काय होता

मला बोलावले ते धुराड्यासाठी. उंची अंदाजे सत्तर फूट. माथा एका बाजूला कलला होता. वरून विटा पडत होत्या. शेजारी प्राथमिक शाळेचे मैदान. पंचायतीने कुटुंबाला नोटीस दिली होती आणि ती रास्त होती. शिवाय जिनघराच्या दक्षिण भिंतीला खालून वरपर्यंत तडा होता. आत खालच्या मजल्यावर कुणीतरी पूर्वी सिमेंटचा गिलावा केला होता. त्याच्यामागे चुन्याच्या भिंतीला लोणा लागून विटा पिठासारख्या झडत होत्या.

अण्णांचे म्हणणे सरळ होते. "दर वर्षी कुणीतरी खर्च करायचा, आणि तो मीच करायचा. किती दिवस?" त्यात चूक काहीच नव्हते. सात वारसांपैकी पैसे देणारा एक आणि मत देणारे सात, असे बहुतेक वाड्यांचे असते. जिनचेही तेच होते.

पहिला निर्णय : कामाचा क्रम

पहिल्या भेटीत चोवीसपैकी बावीस यंत्रे जागेवर होती. दांडा, चाके, काही पट्टेसुद्धा. मी फोटो काढले, थोडी मापे घेतली आणि धुराड्याकडे वळलो, कारण माणसांच्या जिवाला धोका तिथे होता. पुढचे दोन महिने धुराडे आणि भिंत यांच्या अहवालात गेले. यंत्रे कुठे पळून जातात, असे मला वाटले.

अहवालावर चर्चा होईपर्यंत अण्णांनी भंगारवाल्याकडून विसार घेऊन ठेवला होता. मला सांगायचे त्यांच्या मनात आले नाही, कारण मला बोलावले होते इमारतीसाठी आणि यंत्रे म्हणजे त्यांच्या लेखी इमारत नव्हे, सामान. त्या दोन महिन्यांत मीही त्यांना एकदाही म्हणालो नव्हतो की इथे सामान आणि इमारत वेगळी नाही.

एके दिवशी भंगारवाल्याची माणसे आली. एकोणीस यंत्रे सुटी करून गेली. दांडा लांब म्हणून त्यांनी गॅस कटर लावला. संध्याकाळी कुलूप लावून माणसे गेली. जिनचे जुने फिटर मिस्त्रीकाका जवळच राहतात. पहाटे त्यांनी मला फोन केला. एवढेच म्हणाले, "साहेब, रू बळे छे." रुई जळते आहे.

मी पोचलो तेव्हा बाहेरून काहीच दिसत नव्हते. कौलांच्या फटींतून बारीक धूर, बस. सत्तर वर्षांचा तूस, म्हणजे कापसाचे उडालेले तंतू, छपराच्या कैच्यांवर, पट्ट्यांच्या फटींत, भिंतींच्या कोनाड्यांत साचलेला होता, राखाडी आणि गादीसारखा. कापसाची आग भडकत नाही, आतल्या आत धुमसते आणि वाट शोधत पुढे सरकते. खाली उडालेली ठिणगी फटीतून वर गेली, भिंतीच्या कडेने चढली आणि रात्रभरात दोन सागवानी कैच्यांची टोके कोळसा झाली. मिस्त्रीकाकांना ज्वाळा दिसली नव्हती, वास आला होता. बाहेरच्या कुणाला तो वास ओळखता आला नसता.

आग विझल्यावर खाली उतरलो तर तिसऱ्या बिडाच्या खांबाला कटरची खाच दिसली. खांबाचा तिसरा हिस्सा कापला गेला होता. त्या माणसाला तो दांड्याचाच भाग वाटला, कारण बेअरिंग त्यालाच बोल्ट केलेले. आणखी दहा मिनिटे तो थांबला नसता तर वरची जमीन खाली आली असती, त्याच्याच अंगावर. मी त्या खाचेपुढे बराच वेळ उभा होतो. खांबांवर खडूने फुली मारून ठेवायला मला पहिल्या दिवशी किती वेळ लागला असता?

या घटनेचा उपयोग एकच झाला. सातही वारस पहिल्यांदा एका खोलीत बसले.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय जमीन विकण्याचा. भाव चांगला येत होता. २०१८ मध्ये केवडियाला १८२ मीटरचा सरदारांचा पुतळा उभा राहिला, जानेवारी २०२१ मध्ये केवडियापर्यंत मोठी रेल्वे लाइन सुरू झाली, आणि डभोईकडच्या जमिनींची चौकशी करणारे वाढले. पाच वारसांचा कल इकडेच होता.

दुसरा पर्याय त्याच पुतळ्यामुळे आला. एका हॉटेल व्यावसायिकाने तीस वर्षांचा भाडेपट्टा मागितला. जिनघरात खोल्या, अंगणात जेवणघर, धुराड्यावर दिवे. सगळी दुरुस्ती त्याच्या खर्चाने. हा पर्याय मला बराच काळ बरोबर वाटत होता. ते इथे लिहायलाच हवे. इमारत उभी राहील, कुटुंबाला भाडे मिळेल, आणखी काय हवे? पण नकाशे आले तेव्हा वरच्या सलग जिनखान्याच्या चौदा खोल्या झाल्या होत्या. प्रत्येकीला न्हाणीघर. उंच जाळीच्या जागी मोठ्या खिडक्या. मैला साठवायची टाकी दक्षिण भिंतीला लागून, म्हणजे काळ्या मातीला जिथे थेंबभर पाणी नको नेमके तिथे. आणि झिजलेल्या फळ्यांवर फरशी. मी टाकीवर हरकत घेतली. ती हलवायला ते तयार झाले. बाकीच्यावर बोलणे पुढे गेले नाही.

तिसरा पर्याय, सरळ गोदाम. इंजिनघराला ते शोभत होते, दुमजली जिनघराला नाही.

चौथा पर्याय कुटुंबातल्या आत्यांनी काढला. त्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. बैठकीत बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अरे, धुराडं दिसलं की आई म्हणायची, आलं गाव. ते विकून मी काय करू? मला माझा वाटा नको. गावाला लायब्ररी करा." ही कल्पना त्यांनी आकाशातून आणली नव्हती. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले. या गावातल्या वाचनालयाची पुस्तके पंचायतीच्या दोन कपाटांत बंद होती.

शेवटी जे ठरले ते सरमिसळ होते. रस्त्याकडचा मोकळा चौक, जिथे पूर्वी कपाशीच्या गाड्यांची रांग लागे, तो विकायचा. त्या पैशातून ज्यांना हिस्सा हवा त्यांना हिस्सा द्यायचा आणि उरलेल्यातून दुरुस्ती करायची. इंजिनघर शेतकऱ्यांच्या गटाला वजनकाट्यासाठी आणि कचेरीसाठी भाड्याने द्यायचे. भाड्यातून छपराची देखभाल. जिनखाना वाचनालयाला. चौक विकण्याच्या बाजूने मी मत दिले. दुसरा पैसा कुठूनच येत नव्हता.

दक्षिणेची भिंत

या कामात एक निर्णय असा आहे जो मी आजही तसाच घेईन.

तड्याबद्दल दोन ठेकेदारांचे मत एकच होते : पाया बसतो आहे, भिंतीखाली पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) घाला. खर्च दुरुस्तीच्या निम्म्याएवढा. काळ्या मातीत पाइल हा उपाय चुकीचा नाही. रुडकीच्या संस्थेने अशा मातीसाठीच फुगीर बुडाच्या पाइल विकसित केल्या. पण पाया सतत बसतो आहे की ऋतूप्रमाणे वर-खाली होतो आहे, हे कुणी मोजले नव्हते. कानमची माती उन्हाळ्यात आक्रसते, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात फुगते. वरची भिंतही तिच्याबरोबर हलते.

तड्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. मे महिन्यात तीन तुटल्या. मग तड्याच्या दोन बाजूंना पितळी खिळ्यांच्या जोड्या बसवल्या आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला व्हर्नियरने अंतर मोजायचे ठरवले. हे काम शाळेतल्या शिक्षकांनी आपणहून घेतले आणि एकही महिना चुकवला नाही. मेअखेर अंतर सर्वांत जास्त, सप्टेंबरात सर्वांत कमी, पुढच्या मेमध्ये पुन्हा जवळपास तेवढेच. फरक तीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे भिंत खचत नव्हती, श्वास घेत होती.

कारण भिंतीजवळच होते. शेजारच्या बांधावर निलगिरीची ओळ होती, ती उन्हाळ्यात भिंतीखालचे पाणी ओढून घेई. आणि पावसाळ्यात छपराचे पन्हाळे नेमके त्याच कोपऱ्यात ओते. झाडे एकदम तोडली असती तर माती उलट फुगली असती. म्हणून शेजाऱ्याशी बोलून एकाआड एक झाडे काढली आणि दोन पावसाळ्यांच्या अंतराने बाकीची. पन्हाळे लांब नेले. भिंतीलगत दोन मीटर रुंद पट्टा खोदून काळी माती काढली, मुरूम भरला, वर बाहेर उतरता दगडी पट्टा केला. तडा चुन्यानेच भरला. पाइल घातल्या नाहीत.

या वर्षभराच्या थांबण्यावरून अण्णांशी माझे बरेच वाजले. त्यांना काम चालू दिसायला हवे होते. "अहो, तुम्ही नुसते मोजताय," ते म्हणाले. सप्टेंबरचा आकडा दाखवला तेव्हा ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या महिन्यापासून पहिल्या तारखेला स्वतः गावी येऊ लागले.

धुराडे

इथे थांबायला वेळ नव्हता. शाळेची मुले खाली खेळत होती. आधी मैदान बदलले, मग परांची बांधली. वर गेल्यावर दिसले की वरच्या भागातला चुना कोळशाच्या धुरातल्या गंधकाने खाल्ला होता, बोटाने विटा निघत होत्या. खालचा भाग मात्र पक्का. वरचे अठरा फूट उतरवले. उरलेल्याला तीन ठिकाणी पोलादी पट्टे, माथ्यावर टोपी, वीजवाहक नवा. पंचायतीने नोटीस मागे घेतली.

पट्टे आणि चुन्याचे इंजेक्शन करून पूर्ण उंची टिकवता आली असती का? कदाचित. परांची आणखी दोन महिने ठेवावी लागली असती आणि पैसा तेवढा नव्हता. आता डभोईकडून येताना धुराडे झाडांच्या वर दिसत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी मला ते दोनदा-तीनदा बोलून दाखवले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

प्रत्यक्ष काम

सगळ्यांत आधी तूस काढला, जो पहिल्या आठवड्यातच काढायला हवा होता. ओल्या गोणपाटांनी, वरून खाली, नाकाला मास्क बांधून, कारण कापसाची धूळ फुप्फुसात बसते आणि जिनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसांचा दमा त्याचीच साक्ष असतो. तो झाल्यावर एकच नियम : आत गॅस, वेल्डिंग, विडी काही नाही. कापलेला खांब दोन अर्धगोल पोलादी कवचांत बोल्टने आवळला. वेल्डिंग बाहेर केले.

सिमेंटचा गिलावा खरवडून भिंती एक अख्खा पावसाळा उघड्या ठेवल्या. मग चुना. चुन्याचे काम येणारा गवंडी शोधायला चार महिने लागले. तो शेवटी चांदोदच्या घाटांवर काम केलेला मिळाला. जळलेल्या कैच्यांची टोके पडक्या गोदामातल्या जुन्या सागवानाने जोडली. फळ्यांना हात लावला नाही, फक्त साफ केल्या आणि जवसाचे तेल दिले.

उरलेली तीन यंत्रे मिस्त्रीकाकांनी खोलली. तिन्हींतून एक चालू करायचे ठरले. चामडे वाळून लाकडासारखे झाले होते. नवे चामडे चढवून त्यांनी खाचा कोरल्या. रूळ मांडीवर, छिन्नी तिरकी, दर दोन-तीन खाचांनंतर अंगठा फिरवून पाहणे. नातू शेजारी बसून बघत होता. मी विचारले, खाचांमधले अंतर कशावरून ठरवता? ते म्हणाले, कपास हातात घेऊन. देशी कपाशीला वेगळे, संकरला वेगळे. त्यांनी मला दोन्ही दाखवले, मला फरक दिसला नाही. नातवाला दिसला.

आजची स्थिती

वाचनालय चालते, पण मनात होते तसे नाही. जिनखाना वरच्या मजल्यावर आहे आणि जिना उभा. ज्यांना निवांत वाचायला वेळ आहे त्या वयाच्या माणसांना तो चढवत नाही. एप्रिलपासून जूनपर्यंत दुपारी वर बसणे अशक्य होते, म्हणून तेव्हा फक्त सकाळ-संध्याकाळ उघडते. दहावी-बारावीची मुले मात्र भरपूर येतात. वर्तमानपत्रे आणि मोठ्या अक्षरांची पुस्तके आता खाली इंजिनघराच्या ओसरीवर ठेवली आहेत. ती जागा शेतकरी गटाने भाडे न वाढवता दिली.

वजनकाट्याचे भाडे नियमित येते. त्यातून दोन पावसाळ्यांपूर्वी कौले चाळून झाली. विकलेल्या चौकात दुकाने उभी राहिली आणि रस्त्यावरून जिनघराचा दर्शनी भाग झाकला गेला. विक्रीखतात बांधकामाच्या उंचीची अट घालता आली असती. वकिलाने विचारलेही होते. आम्ही घाईत ती सोडून दिली.

फेब्रुवारीत कपास वेचणी चालू असताना शाळेची मुले एकदा येतात. मिस्त्रीकाकांचा नातू मोटर लावून यंत्र चालवतो. मुले मूठभर कपास घालतात, पुढून रुई निघते, खाली सरकी पडल्याचा टपटप आवाज येतो. मुले खालच्या मजल्यावर पळतात आणि फटीतून वर बघतात. दांडा तिथे नाही. तेवीस फटी रिकाम्या आहेत आणि त्या कशासाठी, हे हाताने हवेत चाके काढून सांगावे लागते.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या भेटीतच एक दिवस मिस्त्रीकाकांबरोबर काढून कपाशीची वाट दारापासून दारापर्यंत लिहून घ्यायला हवी होती, यंत्रांचा आणि दांड्याचा नकाशा करून त्यावर अण्णांची सही घ्यायला हवी होती. धुराड्याचा धोका खरा होता, पण मैदान बदलल्यावर तो दोन आठवडे थांबू शकत होता. विसार घेतलेला माल नाही.

दुसरे, कुटुंबाशी पहिले बोलणे फक्त अण्णांशी झाले. आत्यांना मी आगीनंतर भेटलो. त्यांना जिनचे जे माहीत होते, कोणत्या यंत्रावर कोण असे, पहिली गाठ कुठल्या वर्षी कुठे गेली, त्यातले थोडेच उतरवून घेता आले. गेल्या वर्षी त्या गेल्या.

तिसरे, वरच्या मजल्यावर वाचनालय ठरवण्याआधी कुणीही मे महिन्यात दुपारी तिथे तासभर बसून पाहिले नाही. कौलांखाली लाकडी तक्तपोशी आणि हवेची फट देऊन उष्णता कमी करता येईल असे आता वाटते. एका कोपऱ्यावर ते करून पाहणार आहोत, आणि शिक्षक तिथेही थर्मामीटर लावणार आहेत.

भंगारवाल्याने माल पुढे विकला होता. त्यातले एक यंत्र नातवाने करजणकडच्या एका वाड्यात ओळखले. बाजूच्या पत्र्यावर रंगवलेला गुजराती सतराचा आकडा होता. वाड्याच्या मालकाने ते वजनाच्या भावाने परत दिले. गेल्या महिन्यात ते सतराव्या जागेवर, त्याच झिजलेल्या दोन पावलांसमोर ठेवले. पट्ट्याची फट त्याच्याखाली अजून बरोबर बसते.